घरचं नाव

शाळेतल्या कारकुनाला कोणी गुरू मानत नाही. गुरुपौर्णिमेला मुलं शिक्षकांच्या हातात फुलं देतात आणि तशीच आमच्या खिडकीशी येऊन विचारतात, "भाऊसाहेब, बोनाफाईड झालं का?" मी म्हणायचो, "उद्या या." हे दोन शब्द नोकरीभर माझ्या नावाला चिकटले. एका माजी विद्यार्थ्याच्या लग्नाला गेलो, तर तो पठ्ठ्या बोहल्यावरून ओरडला, "भाऊसाहेब, जेवायला उद्या या!" सगळा मांडव हसला. मीही हसलो, आणि दोनदा वाढून घेऊन जेवलो.

सावर्ड्याच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव. फाट्यावर चहाची टपरी, आत गेल्यावर काजूची फॅक्टरी आणि चढावर जांभ्याच्या पायऱ्यांची आमची शाळा. पाचवी ते दहावी. तिथल्या ऑफिसात मी मुख्य लिपिक होतो. मुख्य म्हणजे एकटाच.

शिष्यवृत्ती म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाटतं, सरकारनं दिली आणि मुलानं घेतली. मधे मी असतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं खातं, त्या खात्याला जोडलेलं आधार, आणि हे सगळं भरायचं संकेतस्थळ, जे शेवटच्या आठवड्यात हटकून झोपतं. पंचवीस-तीस वर्षं हे केल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली. ज्याला खरी गरज त्याचे कागद अपुरे असतात, आणि ज्याचे कागद पुरे तो चारचाकीतून येतो. एक बागायतदार मुलाच्या अर्जासोबत हापूसची पेटी घेऊन आले. पेटी मी परत केली. त्यांचा तुटपुंज्या उत्पन्नाचा दाखला मात्र ठेवून घ्यावा लागला, कारण त्यावर तहसीलदारांचा शिक्का होता. पेटीचा वास ऑफिसात रेंगाळत राहिला आणि माझी चिडचिडही.

माझं दुसरं काम कुठल्या सेवापुस्तकात लिहिलेलं नव्हतं. शाळेच्या वेळात मुलाला घरी न्यायला कोणी आलं, तर ते माझ्या खिडकीशी येई. एकदा पोरं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाईलवरून गावभर पसरली. टोळी आली नाहीच, पण मला घाम फुटला. कोण काका, कोण मामा, मी कसं ओळखणार? आमच्याकडे पोराला शाळेत एक नाव आणि घरात दुसरं. पटावर अथर्व, घरात बाबल्या. दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली नावं तर विचारूच नका. मी नियम केला, न्यायला येणाऱ्यानं मुलाचं घरचं नाव सांगायचं. ते बरोबर आलं तरच मूल वर्गातून खाली यायचं. नावं मी पालकांना विचारून तोंडपाठ केली होती.

या नियमापायी मी बरीच बोलणी खाल्ली. मुंबईहून आलेला एक खराखुरा मामा भाच्याला न्यायला आला. नाव विचारल्यावर कानापर्यंत लाल झाला. "ते नाव मी चारचौघांत घेणार नाही," म्हणाला. नाव खरंच चारचौघांत घेण्यासारखं नव्हतं. मी खिडकीतून कान पुढे केला, त्यानं कानात सांगितलं आणि भाचा मिळाला. जाताना मामा संस्थेच्या अध्यक्षांकडे तक्रार करून गेला. पण नियमाची कीर्ती झाली. फाट्यावरचा टपरीवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमच्या शालंत घरचा नाव इचारतात, उगाच नाय!" मला ते ऐकून बरं वाटायचं. पुढे याच कौतुकानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

एका जूनमध्ये प्रणाली नावाची बाई मुलीला पाचवीत घालायला आली. मुलगी तन्वी, हडकुळी, टपोऱ्या डोळ्यांची. आधीच्या शाळेचा दाखला नव्हता. दाखला नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही, तो मागाहून शाळेनं शाळेकडून मागवायचा असतो. मी तसं म्हणताच बाई खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "मागवू नका, भाऊसाहेब. तिकडं कळंल."

तिकडं म्हणजे सासरी, गुहागरच्या अंगाला. नवरा बोटीवर कामाला. बोटीवर असला की घरात शांतता, आणि रजेवर आला की मारहाण. आधी हिला, मग पोरीलाही. तो बोटीवर असताना हिनं पोरीला घेऊन आमच्या गावी मावशीचं घर गाठलं होतं आणि काजूच्या फॅक्टरीत लागली होती. टरफलांच्या चिकानं तिची बोटं काळी पडली होती. ती हे सांगत असताना वाऱ्यानं माझ्या लोखंडी कपाटाचं दार धाडकन आपटलं. तन्वी क्षणात खाली बसली आणि तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले. रडली नाही, ओरडली नाही. नुसती वाट बघत बसली.

पुढचं काही मी विचारलं नाही. आमच्या मुख्याध्यापिका दामलेबाई कडक, पण त्यांना सगळं सांगितल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "दाखल्याची मागणी राहू दे. तुमच्याकडे कामं तुंबतात हे जगाला माहीत आहे." त्यांनी प्रणालीला चिपळूणच्या एका वकीलबाईंकडे पाठवलं. कोर्टात अर्ज झाला, तारखा सुरू झाल्या. घरचं नाव विचारलं तेव्हा तन्वी हळूच म्हणाली, "मनी."

तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळणं शक्य नव्हतं. सगळे कागद नवऱ्याच्या घरात. राहिली मुंबईकरांच्या मंडळाची मदत. कोकणात प्रत्येक गावाचं मुंबईत एक मंडळ असतं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष घागदादा. मुंबईत नोकरी करून गावी येऊन राहिलेले, आवाज मोठा आणि मन त्याहून मोठं. गणपतीआधी मुंबईकर गावात आले की घागदादा आपल्या आईच्या नावानं गरजू मुलांना वर्षाचा खर्च द्यायचे. मी तन्वीचं नाव दिलं. पण मदत म्हटली की फोटो आलाच. मागे मंडळाचा फलक, मधे घागदादा, पुढे हातात पाकिटं धरलेली पोरं. वर्गणी देणाऱ्यांना दाखवायला तो फोटो लागतो, त्यात वाईट काहीच नाही. पाकीट घेतल्यावर मी तन्वीला पाहुण्यांना पाणी द्यायच्या कामाला लावलं, म्हणजे ती फोटोबाहेर राहील.

फोटोवाला मोबाईल वर करून उभा, आणि घागदादांनी मोजदाद केली. "अरे, एक पोर कमी हाय! ती बघ, पाणी वाटतेय. बाय, तू कशाला मागं? ये, माझ्या बाजूला उभी ऱ्हा." त्यांनी प्रेमानं तिचा खांदा धरला. मी व्यासपीठाच्या दुसऱ्या टोकाला होतो. पोचेपर्यंत फोटो निघाला, आणि मी फोटोवाल्या पोराला तो पुसायला सांगेपर्यंत वाड्यावाड्यांच्या ग्रुपवर पोचलासुद्धा. खाली आमच्या शाळेचं नाव होतं.

मी घागदादांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण हळूच खिशातून मोबाईल काढला. "काढून टाकायला लावतो," म्हणाले, आणि त्यांनी लावलंही. पण तोवर ज्यानं बघायचा त्यानं बघितला होता. प्रणालीला आम्हीच सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती आपल्या काळ्या बोटांकडे बघत म्हणाली, "आता त्येला कळला. बोटीवरनं उतरला की येतो बघा."

त्यानंतर शाळेच्या फाटकाशी कुठलीही अनोळखी मोटारसायकल थांबली की माझं लक्ष उडायचं. आम्ही बेत ठरवून ठेवला होता. तो आला की मी शिपाई सुर्व्याला बिनसाखरेचा चहा आणायला सांगायचा. मला चहात दोन चमचे साखर लागते हे सुर्व्याइतकं कोणाला माहीत! तो शब्द ऐकला की त्यानं दामलेबाईंकडे जायचं. बाई तन्वीला प्रयोगशाळेत नेतील, पोलिसांना आणि वकीलबाईंना फोन करतील, प्रणालीला फॅक्टरीतून बोलावतील. आणि मी त्याला खिडकीशी धरून ठेवायचं. कोर्टाचा हुकूम अजून हातात नव्हता. कायद्यानं तो बाप होता, आणि बापाला "देत नाही" म्हणायला माझ्याकडे कुठलाही कागद नव्हता.

थंडीचे दिवस होते. शेवटचा तास चालू होता. पांढरा इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, हातात परदेशी चॉकलेटांचा डबा, असा एक देखणा माणूस खिडकीशी आला.

"नमस्कार साहेब. मी तन्वीचा बाबा. आजी आजारी हाय तिची, न्यायला आलो." मी तोंड उघडायच्या आधीच तो हसून म्हणाला, "तुमच्याकडं घरचा नाव लागतो ना? फाट्यावर चहा पिताना कळला. मनी. आम्ही तिला मनी म्हणतो."

इतकी वर्षं मिरवलेला माझा नियम त्यानं एका शब्दात खिशात घातला होता. परक्यापासून राखायला बांधलेलं कुंपण, आणि धोका घरातून आला होता. ते नाव कदाचित त्यानंच ठेवलेलं असेल.

"बसा ना," मी म्हणालो. "सुर्वे, साहेबांना चहा आण. मला बिनसाखरेचा."

सुर्व्या माझ्याकडे बघतच राहिला आणि मग पळाला.

मग मी माझं आयुष्यभराचं कसब बाहेर काढलं. "अर्ज द्यावा लागेल," मी म्हणालो. त्यानं आनंदानं लिहिला. "मुख्याध्यापिका यांना असं लिहा, शाळेला नको." त्यानं पुन्हा लिहिला. "कारण जरा सविस्तर लिहा. आजीचं नाव, आजार." तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं. "निळी शाई चालत नाही हो, काळी लागते." मी काळं पेन शोधायला लागलो. कारकुनाला पेन सापडत नाही यावर कोणीही विश्वास ठेवतो. मग आधारची झेरॉक्स. मशीन माझ्या मागेच होतं, पण लाईट गेलीय म्हणालो, आणि डोक्यावर पंखा गरगरत असताना म्हणालो. त्यानं पंख्याकडे बघितलं. "मशीनची लाईट," मी म्हणालो, "वेगळी आहे."

"साहेब, शाळा कितीला सुटते?"

"आज जादा तास आहे."

जादा तास नव्हता. सुटायची वेळ होऊन गेली होती. पण घंटा झाली की सगळी पोरं पायऱ्यांवर येणार, त्यांच्यात तन्वी आहे की नाही हे तो शोधणार, आणि नाही दिसली की सगळं उलगडणार. सुर्व्या चहा ठेवताना मी त्याला हळूच म्हणालो होतो, "सांगेपर्यंत घंटेला हात लावू नकोस." आमच्या शाळेची घंटा त्या दिवशी पहिल्यांदा चुकली. वर्गांतून कुजबुज सुरू झाली. फाटकाशी रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले. पोरं बाकांवर दप्तरं आपटत होती, आणि वर्गावर असलेल्या शिक्षकांनाही काही माहीत नव्हतं.

मी शिक्का घेतला. पॅड कोरडं आहे म्हणून त्यावर शाईचे थेंब सोडले, ती मुरायची वाट बघितली. चष्मा हरवला म्हणालो. "तुमच्या डोक्यावर हाय," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. अर्जावर आवक क्रमांक घालायला मी वही उघडली आणि पानं मागून पुढे, पुढून मागे चाळत राहिलो.

"पोरगी कुठं हाय?"

"येईल. सही राहिलीय बाईंची."

त्यानं खिडकीतून हात आत घालून तळवा टेबलावर आपटला. चहाचा पेला उडाला, कागद भिजले. आणि माझा हात आपोआप डोक्यावर गेला. अठ्ठावन्नाला टेकलेला माणूस मी, मला कोणी मारलं नव्हतं. तरी गेला. कपाटाचं दार आपटल्यावर खाली बसलेली ती पोर मला त्या क्षणी खरी समजली. मला भीती वाटत होती, हे सांगायला मला लाज नाही.

"भिजला अर्ज," मी म्हणालो. "आता नवीन लिहावा लागेल."

तो दारानं आत यायला वळला तेव्हा पायऱ्यांवर दामलेबाई दिसल्या. त्यांच्यामागे पोलीस ठाण्यातल्या एक महिला हवालदार आणि फॅक्टरीचा एप्रन न काढताच धावत आलेली प्रणाली. तो एकदम गोड झाला. "मॅडम, मी बाप हाय. बापानं पोरीला न्यायला काय गुन्हा हाय?" हवालदारबाईंनी खांदे उडवले. "गुन्हा नाही. पण पोरीला विचारूया की."

तन्वीला बाईंच्या खोलीत आणलं. मी दारात उभा होतो. त्यानं डबा पुढे केला आणि अगदी मऊ आवाजात हाक मारली, "मने, ये गो."

तिनं एक पाऊल त्याच्याकडे टाकलं.

आजही ते पाऊल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. घरचं नाव आहे, त्या नावानं हाक मारली की पाय निघतात. प्रणालीनं तोंडावर हात घेतला. हवालदारबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग तन्वी थांबली. टेबलाशी खाली बसली, टेबलाच्या पायाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "मी नाय येणार. तुमी मारता." त्यानं पुन्हा हाक मारली. तिची मिठी सुटली नाही.

हवालदारबाईंनी डायरी उघडली. त्या दिवशी तिला आईपाशीच ठेवलं, दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला बालकल्याण समितीपुढे नेलं. तिथलं लेखी म्हणणं कोर्टात गेलं आणि वकीलबाईंना हवा होता तो हुकूम निघाला. तो माणूस पुन्हा बोटीवर गेला. जाताना फाटकाशी उभं राहून मला म्हणाला, "शाळा मला ठावी हाय, भाऊसाहेब." चॉकलेटांचा डबा बाईंच्या खोलीतच राहिला. कोणी उघडला नाही. मुंग्या लागल्यावर सुर्व्यानं तो फेकून दिला.

घंटा त्या दिवशी मीच वाजवली. पोरं आरडाओरडा करत सुटली. "भाऊसाहेब, शाळासुद्धा उद्या सुटणार होती काय?" एकजण ओरडून गेला. मी पायरीवर बसलो.

नंतर मंडळाच्या फोटोत फक्त फलक आणि घागदादा असत. वर्गणीदारांनी विचारलं तर ते म्हणत, "पोरांचा तोंड कशाला बघायचा? माजा बघा." वर्षाच्या शेवटी प्रणालीनं गाव सोडायचं ठरवलं. शाळा त्याला ठाऊक होती. हुकूम कागदावर असतो आणि रजा दरवर्षी येते. पोरीला आम्ही वाचवलं, पण आमच्याकडे ठेवू शकलो नाही, याचं मला वाईट वाटतं. घागदादांनी पुढल्या शिक्षणाची मदत वकीलबाईंच्या हाती दिली. पत्ता सांगायला त्या तोंड उघडणार तोच घागदादांनी हात वर केला. "मला सांगू नका. मी बोलका माणूस. चुकून बोलेन."

मे महिन्यात, माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात, तन्वी आईबरोबर शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. तो मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. नोकरीतलं माझं हे एकमेव काम वेळेआधी झालेलं. कुठल्या शाळेत जाणार, हे विचारायची पद्धत असते. मी विचारलं नाही. जूनमध्ये नव्या शाळेची मागणी आमच्या संगणकावर आली असेल, पण तोवर त्या खुर्चीत दुसरा माणूस बसला होता. मी त्यालाही विचारलेलं नाही.

आई दामलेबाईंचा निरोप घ्यायला गेली, तेव्हा तन्वी खिडकीशी रेंगाळली. गजांतून आत बघत म्हणाली, "भाऊसाहेब, तिकडं पण घरचा नाव इचारला तर?"

"नवं ठेव," मी म्हणालो. "तुझं तूच ठेव. आईला सांग, आणि कोणाला सांगू नकोस."

ती जरा विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला, ओठ हलले. नाव सुचलं होतं. मी सवयीनं खिडकीतून कान पुढे केला.

तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. मग जांभ्याच्या पायऱ्या उतरून ती आईकडे पळाली.